न धुतलेलं फडकं

आमच्या गल्लीत माझ्या सासूबाईंना सगळे ‘कडकबाई’ म्हणतात, अर्थात त्यांच्या पाठीमागे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं इस्त्रीचं दुकान आहे. तीस वर्षांत तिथून एकही कपडा डागासकट बाहेर पडलेला नाही, आणि हे त्या दिवसातून एकदा तरी ऐकवतातच. मनातल्या मनात मी त्यांच्याशी रोज भांडते. तरी ही गोष्ट सांगताना माझ्याकडून त्यांचं कौतुक होणार, त्याला इलाज नाही.

पिल्लू मी आणलं. लाकडाच्या वखारीतल्या कुत्रीचं ते शेवटचं पिल्लू. वखारवाल्याने जुन्या फडक्यात गुंडाळून दिलं आणि बजावलं, “हे फडकं राहू द्या त्याच्याजवळ.” मी घरी येऊन तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी पिल्लाला टोपलीत ठेवलं आणि फडकं दोन बोटांत धरून बादलीत टाकलं. दुपारपर्यंत ते धुऊन, खळ घालून, इस्त्री होऊन, चौकोनी घडी करून पिल्लाखाली आलं. आमच्या घरात सासूबाई आणि बादली यांच्या मध्ये कोणी येत नाही.

पिल्लाने त्या घडीचा वास घेतला, टोपलीतून उतरलं आणि दाराशी जाऊन जे रडायला लागलं, ते थांबेचना. दूध ठेवलं तर तोंड फिरवलं. पाव कुस्करून दिला, त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दोन दिवसांत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “आजार काही नाही. आईच्या वासाचं काही आहे का घरात? उद्यापर्यंत खाल्लं नाही तर परत आईकडे नेऊन ठेवा, नाहीतर जगायचं नाही.”

माझा जीव जडला होता त्याच्यावर. मी काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, “होतं डॉक्टर. मी धुतलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गिऱ्हाइकं दारात उभी असताना त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि तेच फडकं घेऊन वखारीत गेल्या. मीही मागोमाग गेले. कुत्री त्यांच्यावर गुरगुरली. त्यांनी फडकं जरा लांब अंथरलं आणि अंगावरच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी भुशात फतकल मारली.

“ये सावकाश. मला घाई नाही,” त्या कुत्रीला म्हणाल्या. मला हे वाक्य त्यांनी आजवर एकदाही ऐकवलेलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा कुत्री आली, हुंगून स्वतःभोवती फिरली आणि फडक्यावर पसरली. ती आपणहून उठेपर्यंत सासूबाई हलल्या नाहीत. शेवटी पायांना इतक्या मुंग्या आल्या होत्या की मला त्यांना हात देऊन उठवावं लागलं.

केस, भुसा, लाळ यांनी माखलेलं ते फडकं त्यांनी इस्त्रीच्या टेबलाखाली घातलं, वर पांढऱ्या शर्टांची चळत होती तिच्या बरोबर खाली. पिल्लाने नाक खुपसलं आणि त्यातच शिरून झोपलं. उठल्यावर दुधाची वाटी चाटूनपुसून साफ केली. मग पुन्हा फडक्यात जाऊन पडलं.

संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने नाक मुरडलं. “कसला वास येतोय?”

“आमच्या घरातल्याचा,” सासूबाई म्हणाल्या आणि त्याचा शर्ट त्याच्या हातात दिला.

मग गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बांधतात तशी एक चिठ्ठी त्यांनी लिहिली, ‘धुवायचं नाही’, आणि ती फडक्याच्या कोपऱ्याला बांधायला खाली बसल्या. मान वर न करता म्हणाल्या, “लग्न होऊन आलीस, तेव्हा तुझ्या आईची शाल आणली होतीस ना?”

“हो.”

“पहिल्याच दिवशी धुतली मी.”

“हो.”

“बोलली नाहीस कधी.”

“नवीन होते, आई.”

त्यांनी गाठ घट्ट केली. “चुकलं गं माझं.”

“हळू बोला, पिल्लू झोपलंय,” मी म्हणाले, कारण मला रडू येत होतं.