मिस्त्रीचा कान

आमच्या फौंड्रीतला म्हातारा मिस्त्री ओतलेल्या प्रत्येक ब्रेक ड्रमवर हातोडी मारून ऐकायचा. आत तडा असला की आवाज बद्द येतो. त्याच्या ठोक्यानं चार कोसांवरच्या कागलची कुत्री भुंकायची म्हणे. यात मी फार वाढवलेलं नाही.

तो वारला आणि महिन्याभरात गाडी कंपनीकडून माल परत यायला लागला. आणखी एक ट्रक परत आला असता तर काम गेलंच असतं. त्यांनी आणि आम्ही मिळून चूक शोधू म्हणून कंपनीनं आपला इंजिनिअर धाडला.

दुपारी सगळे जेवायला गेलेले. मी आणि इंजिनिअर साहेब दोघंच होतो. तेवढ्यात परत आलेल्या ड्रमच्या ढिगाकडून आवाज आला. टण्ण, टण्ण, मग बद्द.

"कोण आहे तिकडं?" साहेबांनी विचारलं.

"आमचा मिस्त्री हाय, पावणं. गेल्या महिन्यात वारला."

साहेब हसले नाहीत. ढिगावरचा ड्रम उचलून त्यांनी कापायला लावला. आत केसाएवढा तडा होता.

त्यांनी तपासणीच्या कागदावर पहिलीच ओळ लिहिली: प्रत्येक नग ठोकून ऐकावा. काम टिकलं. हातोडी माझ्याकडं आली.

अजूनही कधी कधी मी हातोडी उचलायच्या आधीच आवाज येतो. बद्द आला, तर तो नग मी न ठोकताच बाजूला ठेवतो.