शीतलचा टॅब

आमच्या कंपनीत विक्रीची माणसं भराभर वाढत होती आणि सगळ्यांना टॅब पुरवायचं काम माझ्याकडे होतं. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या शीतलचा टॅब मी कपाटात चार्जिंगला लावला होता. तो पाहून साहेब म्हणाले, "हा नव्या माणसाला द्या. ती आता कसली परत येतेय!"

"असं ती म्हणाली का?"

"टॅब कमी पडतायत, मॅडम."

"मग नवीन मागवा. हा मी देणार नाही."

साहेब तणतणत निघून गेले. वाढणं म्हणजे रजेवरच्या बाईची जागा पुसून टाकणं असेल, तर खुंटलेलं काय वाईट? मी कपाटाला कुलूप घातलं.

शीतल रुजू झाली, तेव्हा दारातच थबकून म्हणाली, "ताई, माझं काही उरलंय का इथे?"

साहेबांदेखत मी टॅब तिच्या हातात ठेवला.