बर्फावरचं मीठ

मी नवापूरची, मच्छीमाराच्या घरची, आणि आजूबाजूच्या गावांत फिरून पोरांना लस टोचणारी नर्स. घरातली पहिली नोकरीवाली, म्हणून नाक जरा वरच असायचं.

पलीकडे तारापूरला वीज तयार व्हायची, पण आमच्या दवाखान्यातली वीज सारखी जायची. लशींच्या पेटीत ठेवायला बर्फ मिळत नसे. बाकीच्या नर्सा कपाळाला हात लावून बसायच्या. मी सरळ बंदरावरून मासळीचा बर्फ आणायची आणि आईच्या सवयीप्रमाणे त्यावर मूठभर मीठ मारायची. मीठ घातलं की बर्फ आणखी गार होतो, मासळी संध्याकाळपर्यंत ताजी. माझी पेटी दुपारीही बोटं बधिर करायची आणि मी सगळ्यांना तिला हात लावून बघायला सांगायची.

भावाची मुलगी दीड महिन्याची झाली तेव्हा घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची पहिली त्रिगुणी लस मीच टोचली. रात्रभर ताप, मांडीला गाठ. वहिनी म्हणाली, "ताई, आता नाय टोचायची. पोरीचे हाल बगवत नाय मला."

मी ऐकते कसली! पुढच्या दोन्ही वेळी पेटी घेऊन घरीच गेले. वहिनी पोरीला मांडीवर घट्ट धरायची, तोंड फिरवायची आणि पोरीआधी स्वतःच रडायची.

"रडतेस काय? सुई तुला नाय टोचली," मी चिडवायची.

मुलगी अडीच वर्षांची असताना तिचा घसा धरला, मान सुजली. पालघरच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि घटसर्प सांगितला. लस दिली होती का, असं त्यांनी वहिनीला विचारलं. वहिनीच्या आधी मीच बोलले, "तिन्ही दिल्यात. मी स्वतः."

"टोचूनही होतो कधी कधी," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी ती गेली. येईल त्याला वहिनी सांगायची, ताईने काय बाकी ठेवलं नाय, आमचंच नशीब खोटं.

पुढच्या वर्षी आम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं. शिकवणाऱ्या बाईंनी त्रिगुणीच्या दोन बाटल्या हलवून टेबलावर ठेवल्या. एकीत तळाशी पांढरा भुगा बसला. ही मधे गोठून गेलेली, ही टोचली काय न टोचली काय, सारखंच, असं त्या म्हणाल्या. बर्फात मीठ घालायचा शहाणपणा कुणी करू नका, त्यानेच लस गोठते, हेही सांगितलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. तसा भुगा मी कितीदा पाहिला होता आणि बाटली हलवून तीच लस टोचली होती.

माझ्या हातच्या सगळ्या पोरांना मी पुन्हा लस टोचली. वरून हुकूम आलाय, असं सांगितलं. कारण कुणाला सांगितलं नाही. वहिनीला तर नाहीच. हिंमत झाली नाही, दुसरं काय.

मग वहिनीला मुलगा झाला. त्याच्या लशीच्या दिवशी ती न बोलावता, सगळ्यांच्या आधी येऊन बसली. तिने स्वतःच त्याची मांडी उघडी केली.

"ताई, तुज्याच हातून टोच. दुसऱ्या कुनावर माजा भरोसा नाय."

मी बाटली हलवली, उजेडात धरली, पुन्हा हलवली. सुई टोचली तेव्हा पोरगं किंचाळलं आणि माझे डोळे वाहायला लागले ते थांबेचनात. वहिनीने त्याला खांद्यावर टाकलं आणि पदराने माझं तोंड पुसलं.

"रडतेस काय ताई," ती हसत म्हणाली, "सुई तुला नाय टोचली."