आला का खटका?

खटका मिस्त्री गाडीआधी गाडीवाल्याचा डावा पाय बघत. गिऱ्हाईक तक्रार सांगत असायचं आणि हे खाली मान घालून त्याच्या चपलेकडे टक लावून! नवखा माणूस ओशाळून पाय मागे घ्यायचा. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास त्यांनी आंधळगावात दुकान टाकलं. गिअरच्या दुखण्यासाठी पार साकोलीकडून गाड्या यायच्या. गिअर पडताना जो खटका बसतो तो गाडीवाल्याच्या पायाला समजला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. गाडी परत देताना "आला का खटका?" असं विचारल्याशिवाय किल्ली देत नसत. म्हणून हे नाव.

जन्म विणकराच्या घरातला. लहानपणी मागावर बसलेले. "मागावर पाय अर्धा दाबला तं कापड बिघडते, अन् बाप पाठ सोलते," असं सांगायचे. "गिअरचंही तसंच हाय. अर्धा पाय चालत नाई."

बैलांचा पट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, बंद होती त्या वर्षांत आम्ही पोट्टे पटाच्या मैदानावर मोटरसायकली पळवायचो. सरळ जायचं, टोकाला वळायचं, परत यायचं. मी बावीस वर्षांचा, अंगात नुसती मस्ती. शर्यतीची गाडी दिसावी म्हणून गिअरच्या पट्टीचा मागचा, टाचेनं दाबायचा भाग मी कापून टाकला होता; मग पुढचा गिअर बोटांनी पट्टी वर उचलूनच टाकावा लागे. पण वळणावरून निघालो की दुसऱ्यावरून तिसरा पडायचाच नाही. इंजिन बोंबलायचं, गाडी ढिली पडायची आणि बाकीचे माझ्या तोंडावर धूळ उडवत पुढे. भंडाऱ्याला नेऊन क्लच प्लेटा बदलल्या, तरी तेच. नुसती शोभा झाली होती माझी.

शेवटी मिस्त्रींकडे आणली, तर त्यांनी आधी गाडीला हातही लावला नाही. माझ्या पायात जवाहरनगरच्या मावसभावाचे, कारखान्यातले लोखंडी टोकाचे बूट होते. रुबाब म्हणून घातलेले!

"बूट काढ."

"काहून, काका?"

"काढ म्हणतो ना बे! थो बूट पट्टीखाली जाऊनच नाई राहिला. तू वाकून बसते, पाय अर्धा उचलते, अन् बदनामी गाडीची करते."

मग त्यांनी पट्टी दोन दाते वर बसवली आणि गाडी स्टँडवर लावून दुपारपर्यंत माझ्याकडून गिअर टाकून घेतले. मी "आला" म्हटलं की "लबाड बोलून राहिला!" असं खेकसायचे. कापलेला तुकडा मी डिक्कीत ठेवला होता, तोही मागून घेतला. "फेकू नोको. लागन कोणाले तरी."

पुढच्या शर्यतीत मी दुसरा आलो. नाचतच दुकानात गेलो. नंबर त्यांनी विचारलाच नाही.

"एखादा खटका चुकला का?"

"नाही."

"झालं तं मंग," म्हणाले आणि चहा सांगितला.

पुढे मी नोकरीसाठी तुमसरला गेलो. मिस्त्रींना साखरेनं गाठलं आणि डाव्या पायाची बोटं काढावी लागली. भेटायला गेलो तर दुकानाला कुलूप. त्यांची जुनी गाडी अंगणात ताडपत्रीखाली. तिला पुढचीच पट्टी, बोटांनी वर उचलायची. आता उचलणार कशानं? मुलगा मागे बसवून कुठंही न्यायला तयार होता. "मांगं बसून मी कोठी जात नाई," म्हणाले आणि तोंड फिरवलं. मला ते बघवेना.

मी किल्ली मागून दुकान उघडलं. खणात माझा तुकडा होता, तेल लावून कापडात गुंडाळलेला. तो त्यांच्या पट्टीला मागून वेल्डिंग करून आणला. आता वर उचलायची गरजच नाही, टाचेनं दाबलं की पुढचा गिअर. मिस्त्री भिंतीला धरून गाडीवर बसले. टाच दाबली.

"आला का खटका, काका?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मग म्हणाले, "बस मांगं."

पटाच्या मैदानापर्यंत गेलो. प्रत्येक गिअरला ते ओरडायचे, "आला!" मागून मीही ओरडायचो. रस्त्यावरचे लोक बघत राहिले. बघू द्या!

त्यानंतर दीड वर्ष ते टाचेनं गाडी चालवत राहिले, मग गेले. माझ्याकडे आता बिनगिअरची स्कूटर आहे. आंधळगावचा फाटा आला की डावी टाच आपोआप दाबली जाते. खाली नुसता सपाट पत्रा. खटका काही येत नाही, आणि मला रडू येतं.