काठाशी वैर

तिला कात्री हे नाव वहिनीनं ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं, की शेजारपाजारचे लोक तिचं खरं नाव विसरूनही गेले. ती कपडे शिवते. घराच्या मागच्या खोलीत खिडकीशी तिचं शिलाई मशीन, कोपऱ्यात कापडाचे तागे, खुंटीला मोजपट्टी. पण नाव पडलं ते जिभेवरून. गिऱ्हाईक म्हणालं, बाही जरा घट्ट झाली, की ही म्हणणार, बाही तेवढीच आहे, दंड वाढलाय. एका मावशीनं एकदा तिच्या लग्नाचा विषय काढला होता. त्या मावशीनं पुढे या घरात कुठलाच विषय काढला नाही.

हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं दादा म्हणतो. तिचं उत्तर ठरलेलं: शेंड्यावर आहे म्हणून दिसतो तरी, बाकीच्यांनी तो कुठे दडवलाय कोण जाणे.

अलीकडे हा सगळा राग एका जागी गोळा झाला होता. आईच्या पलंगावर.

पलंग वडलांनी स्वतःच्या हातांनी केलेला. ते सुतारकामातले मोठे मिस्त्री. काळपट, दगडासारख्या कठीण लाकडाचा तो बुटका पलंग, त्याला कुठे खिळा नाही, सगळे सांधे खाचेत खाच बसवलेले. आणि काठ असे, की कागद ठेवून फाडावा. गुळगुळीत गोल काठ म्हणजे आळशी माणसाचं काम, असं त्यांचं मत. काठ बोटाला कळला पाहिजे, म्हणायचे. वडील गेल्यावर दादा तो पलंग स्वतः तेलानं पुसायचा आणि पाहुणा आला की त्याला त्या काठावरून बोट फिरवायला लावायचा.

आईला तो काठ बोटानं नव्हे, नडगीनं कळत होता. म्हातारपणात तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. पलंगावर चढताना डावा पाय घासायचा, पापुद्रा सुटायचा, रक्त यायचं. खपली धरते न धरते तोच पुन्हा तिथेच. मलमपट्टीला येणारी नर्स विचारायची, आजी, रोज कशाशी भांडता? आई हसून म्हणायची, घरातच आहे एक जण.

कात्रीनं आधी आपल्या परीनं इलाज केला. जुन्या रजईचा कापूस भरून काठाला नाड्यांचं जाड वेष्टण शिवलं. एका दुपारी नाडी सुटली, वेष्टण लोंबलं, त्यात आईच्या पायाचं बोट अडकलं, आणि खिडकीचा गज हाताशी होता म्हणून आई वाचली. कात्रीनं ते वेष्टण तिथल्या तिथे फाडलं. पलंगच बदलू, असं ती म्हणाली, तर दादाचा चेहरा असा झाला, जणू तिनं वडलांनाच घराबाहेर काढायला सांगितलं. आई म्हणाली, राहू दे, मला इथेच झोप लागते. घासकागद घेऊन कात्री दिवसभर काठाशी झटली. काठ आणखी चकचकीत झाला, बोथट काही होईना.

शेवटी तिनं गल्लीच्या टोकाच्या सुताराला बोलावलं. तो वडलांच्या हाताखाली रंधा धरायला शिकलेला. त्यानं काठावरून हात फिरवला आणि दोन्ही कानांना हात लावले.

“ताई, दुसरं काहीही सांगा. मिस्त्रींच्या कामावर माझं हत्यार चालायचं नाही.”

“आणि त्यांच्या बायकोच्या पायावर त्यांचं चालतं, ते चालतं?”

सुतार चपला घालायला वळला. जाताना उंबऱ्यात थांबून पुटपुटला, की खरं तर राउटर, ते लाकडाचे काठ कोरायचं यंत्र, लावला तर तासाभराचं काम आहे. गोलाईचं बिट, म्हणजे काठ गोल करणारं पातं, लावायचं आणि काठावरून फिरवत न्यायचं. पण मी नाही.

जेवताना कात्रीनं जाहीर केलं की आपण राउटर आणणार. वहिनीनं कपाटावर लुकलुकणाऱ्या डबीकडे बघत विचारलं, “वन्सं, आहे की एक. इंटरनेट नीट येत नाही का?” दादाला इतका ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. मग त्याला कळलं ती कशाबद्दल बोलतेय, आणि हसू जिथल्या तिथे विरलं. बाबांच्या पलंगाला यंत्र लागणार नाही, तो म्हणाला. हातात सुई धरणाऱ्यानं सुईच धरावी. हे वाक्यही वडलांचंच होतं. लहानपणी ती त्यांच्या कारखान्यात पटाशीला हात लावायची, तेव्हा ते हेच म्हणायचे. कात्री ताटावरून उठली नाही. उठली असती तर भांडण संपलं असतं.

हत्यारांच्या दुकानदारानं तिला विचारलं, कोणासाठी हवाय?

“कामासाठी.”

“तसं नाही बाई. वापरणार कोण? त्यांनाच पाठवा ना. समजावून सांगायला बरं पडतं.”

“त्या आल्यात. सांगा समजावून.”

त्यानं फळीवरून एक धूड उतरवलं. दोन बाजूंना दोन मुठी, मध्ये भलीमोठी मोटार. सगळे हाच नेतात, म्हणाला. कात्रीनं तो उचलून धरला. मुठी धरल्या की बटणापर्यंत अंगठा पोचत नव्हता. बंद करायचा तर एक हात सोडावा लागणार. जो बंद करायला हात सोडावा लागतो तो मला नको, ती म्हणाली. मग त्यानं जरा छोटा दाखवला, मग त्याहून छोटा. कापडाची नवी कात्री विकत घेताना ती जसं करते तसं तिनं केलं. डोळे मिटले, हातात धरला, मनगट वळवून बघितलं. तिसरा तिच्या पंज्यात बसला. वेग कमीजास्त करायला चक्री होती, आणि तळपट्टी पारदर्शक, म्हणजे बिट लाकूड कुठे खातंय ते दिसणार. दुकानदार म्हणाला, हो, हा लेडीज साइझ आहे. मग तुम्ही उघडा तेव्हा लेडीज साइझचं दुकान, असं म्हणून तिनं त्याला गप्प केलं. दुखावल्या आवाजातच त्यानं बाकीचं सांगितलं. गोलाईचं बिट घ्या, टोकाला बेअरिंग असलेलं. बेअरिंग लाकडाच्या अंगाला टेकून फिरतं, म्हणजे बिट ठरल्यापेक्षा आत घुसत नाही. बिट तळाला टेकवायचं, मग किंचित वर उचलून आवळायचं. बिट बदलताना आधी प्लग काढायचा. चष्मा लावायचा, मास्क लावायचा, कानात बोळे घालायचे. आणि नेहमी बिट फिरतं त्याच्या विरुद्ध जायचं.

हे शेवटचं तिनं ऐकलं, पण रागात ऐकलं. रागात ऐकलेलं कानातच राहतं.

मागच्या अंगणात तिनं फुटक्या कपाटाची एक फळी दोन शिकंज्यांत पकडली, बिट पुरतं खाली काढलं आणि राउटर सुरू केला. तो किंचाळला. तिनं तो काठाला लावला आणि उजवीकडून डावीकडे निघाली. सुरुवातीला कौतुक वाटलं; किती हलका चालतोय, आपणच पुढे जातोय. आणि तिथेच तिच्या हातांनी तिला फसवलं. शिलाई मशीन खालून कापड ओढून नेतं. आपण ओढायचं नसतं, अडवायचं तर मुळीच नसतं, बोटं सैल सोडून नुसती दिशा द्यायची. इतक्या वर्षांत तिच्या हातांना दुसरं काही माहीत नव्हतं. यंत्रानं ओढ दिली आणि हात आपोआप सैल झाले. राउटर उधळला. फळीवरून उडी मारून पलीकडे गेला, जाताना काठाचे लचके तोडून गेला. तिनं तो पडू दिला नाही, पण कोपर भिंतीवर असा आदळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बटण बंद केल्यावरही बिट बराच वेळ फिरत राहिलं. तिनं त्याला जे जे म्हटलं ते शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू गेलं.

दादाही ऐकून आला. फळी बघितली, सोललेलं कोपर बघितलं. मग त्यानं प्लग काढला, राउटर उचलला आणि आपल्या कपाटात ठेवून किल्ली लावली.

“हात तुटला असता म्हणजे कळलं असतं,” एवढंच म्हणाला.

कात्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या दिवशी ती बोलली नाही, आणि वहिनी घाबरली. कात्रीचं न बोलणं या घरात कोणी पाहिलं नव्हतं. ती मशीनवर बसली आणि सुईखाली फडक्याचा तुकडा घेऊन नुसतीच टाके घालत राहिली. कापड पुढे सरकत होतं. तिनं बोटांनी ते अडवून बघितलं. टाका तिथल्या तिथे साचला, सुई थरथरली. मग तिला कळलं. इथे यंत्र पुढे नेतं आणि आपण मागून जातो. तिथे यंत्रानं आपल्याला मागे ढकलायला हवं आणि आपण त्याला रेटत पुढे न्यायला हवं. हाताला जोर लागत असेल तर दिशा बरोबर. हलकं वाटलं की समजावं, चुकलं. विरुद्ध जायचं म्हणजे हे. तिला वाटलं, आणि हे शिकायला मला वेळ लागावा?

आणखी थोड्या दिवसांनी एका सकाळी आईच्या चादरीवर हाताएवढा लाल डाग दिसला. जखम पार उघडली होती. नर्सनं पट्टी बांधली आणि या वेळी ती हसली नाही. पाय वाचवायचा असेल तर हे थांबवा, दाराशी जाऊन दादाला म्हणाली.

ती गेल्यावर कात्री दादापुढे उभी राहिली.

“किल्ली दे.”

“पुन्हा तेच? सुताराला सांगतो मी...”

“त्यानं कानांना हात लावलेत. तू पलंग पुसतोस. हिचा पाय मी पुसते. किल्ली दे.”

“बाबा असते तर...”

“ते असतानाही लागायचं,” आई म्हणाली.

दोघंही वळली. आईनं दुसऱ्या, उजव्या पायावरची साडी गुडघ्यापर्यंत वर केली होती. नडगीवर पांढुरक्या रेषा, एकीवर एक, लाकडाच्या नसांसारख्या. कात्रीनं त्या अनेकदा पाहिल्या होत्या. म्हातारपणाच्या असतील, असं समजून तेल लावलं होतं.

“तेव्हा पलंग त्या भिंतीला होता, म्हणून हा पाय. एकदा सांगितलं त्यांना, जरा घासून द्या. म्हणाले, बघून चालावं. मग नाही सांगितलं.”

कात्रीला आयुष्यात पहिल्यांदा राग कुणावर काढावा ते कळेना. वडलांवर काढावा तर ते भिंतीवरच्या फोटोत. आईवर काढावा, तर... तिनं आईवरच काढला. एवढी वर्षं तोंडाला कुलूप का लावलं होतंस, म्हणून ती ओरडली, आणि ओरडता ओरडता आईची साडी हळूच खाली सारखी केली.

दादानं किल्ली पलंगावर ठेवली. हातात दिली नाही.

आईला समोर, दाराबाहेर खुर्चीत बसवलं. गादी काढली, फोटोसुद्धा उतरवून धुळीच्या भीतीनं चादरीत गुंडाळला. कात्रीनं कापड आखायच्या खडूनं पलंगाच्या फळीवर, काठालगत, डावीकडून उजवीकडे बाण काढले, म्हणजे हात विसरले तरी डोळे विसरणार नाहीत. वहिनीनं पदर खोचला आणि वायर उचलून धरली. मी नुसती वायर धरतेय, कोणाच्या बाजूची नाहीये, तिनं दोन वेळा सांगितलं. आधी कात्रीनं बिट थोडंच खाली काढलं, वरवरचा एक हात फिरवण्यापुरतं. सगळं एकदम खायला लावलं तर लाकूडही चिडतं, हे तिला फळीनं शिकवलं होतं.

राउटर किंचाळला. तिनं दोन्ही हातांनी तो काठाला लावला आणि बाणाच्या दिशेनं रेटला. तो मागे ढकलत होता, ती पुढे नेत होती. मनगटं भरून आली. कठीण लाकडाचा बारीक काळपट भुसा पायांवर साचत गेला. वडलांच्या कारखान्यातला तोच वास खोलीभर पसरला आणि तिनं दात ओठ खाल्ले. पहिला हात झाला. बिट आणखी खाली घेऊन दुसरा हात निघाला. अर्ध्यावर आली असताना दादा दारातून काहीतरी बोलला. कानात बोळे होते, शब्द कळले नाहीत, पण त्याचा आवाज ती कुठेही ओळखते. ती थांबली, मान वळवली आणि ओरडली, “आता काय?”

बिट फिरतच होतं. जिथे ती थांबली तिथे लाकडातून धूर निघाला.

तो म्हणाला होता, पायाजवळ वायर येतेय, जपून.

कात्रीनं पुढचं काम पूर्ण केलं. पलंगाच्या खुरांपाशी बिट पोचत नव्हतं, तेवढा भाग कानसीनं आणि घासकागदानं काढला. ओल्या फडक्यानं सगळं पुसलं, गादी घातली, आईला आणलं. आईनं बसायच्या आधी काठावरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पाय वर घेतले. डावा, मग उजवा. कुठे काही लागलं नाही, तरी सवयीनं तिनं ओठ आवळलेले होते. ते सुटायला काही दिवस गेले.

संध्याकाळी दादा आईशेजारी येऊन बसला. त्याचा हात आपोआप काठाकडे गेला, पाहुण्यांचा जायचा तसा. बोट घसरत गेलं आणि मध्ये एका जागी थबकलं. तिथे नखाएवढा तपकिरी, करपलेला डाग होता.

“इथे जळलंय,” तो म्हणाला.

मागच्या खोलीतून मशीनचा आवाज थांबला.

“हो,” कात्री म्हणाली. “तू बोललास तिथे.”