यू-टर्न

बेकरीची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला सगळे ‘यू-टर्न’ म्हणायचे. चाक जरा खड्ड्यात आदळलं की त्याला शंका यायची : कुणी चाकाखाली तर आलं नाही? गाडी वळवून तो रस्ता बघून यायचा. रस्ता रिकामाच असायचा. तरी पुढच्या चौकात पुन्हा शंका, की आपण नीट पाहिलंच नसेल तर? तोवर पावासाठी खोळंबलेल्या दुकानदारांचे फोन सुरू.

“काय यू-टर्न, आज कुणाला उडवलंस?” एका सकाळी भट्टीवाल्याने विचारलं आणि सगळे खो खो हसले.

त्याने हातातला ट्रे जमिनीवर आपटला. पाव चहूकडे उधळले. “हसा! मला काय हौस आहे? रस्त्यावर कुणी नाही हे मलाही कळतं. कळून उपयोग होत नाही, हेच तर दुखणं आहे!”

मालकाने त्याला घरी बसवलं. बायको त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

“याला ओसीडी म्हणतात,” बाई म्हणाल्या. “मनाला खात्री हवी असते आणि कितीही दिली तरी पुरत नाही. वळून बघाल तेवढी शंका माजेल. भीती वाटू द्या, पण वळू नका. आणि ताई, ‘काही झालं नाही’ असं तुम्हीही सांगायचं नाही.”

बायको चपापली. संसारभर तिने तेच तर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याची गाडी घेऊन दोघं निघाली. चाक आदळलं.

“एकदाच बघून येतो.”

“नाही.”

“अगं, कुणी मरत असेल तिकडे!”

“असेल, नाहीतर नसेल. चल पुढे.”

“माणूस आहेस की दगड?” तो ओरडला, पण गाडी पुढेच नेत राहिला.

मग तिचाही बांध फुटला. “समजूत काढून काढून माझी जीभ झिजली! आणि आता कळतंय, तुझा आजार मीच पोसत होते! मला नाही का राग येणार?”

भांडत भांडत गाव मागे पडलं. त्याची भीती जराशी ओसरली होती, वळून न बघताच.

पुढे मालकाने त्याला परत कामावर घेतलं. अजूनही एखाद्या दिवशी तो गाडी वळवतोच. घरी येऊन तोंड पाडून सांगतो. ती धीर देत नाही. “उद्या नको वळवूस,” एवढंच म्हणते आणि खसाखसा कांदा चिरत राहते.