थाप खरी केली

माझ्या सासूबाई बेटावरच्या मोठ्या हॉटेलचं धुलाईघर सांभाळायच्या. हंगामात चादरींचे ढीग लागायचे आणि टॉवेलांचं तर विचारूच नका. प्रत्येक टॉवेल मशीनमध्ये टाकण्याआधी झटकावा लागे, नाहीतर वाळूने पंप तुंबायचा. अंगाला चोपडलेल्या क्रीमचे पिवळे डाग वेगळे भिजवायचे. मशीनच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे आई घरीसुद्धा ओरडूनच बोलायच्या. लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, यांचं माझ्याशी काहीतरी बिनसलंय.

जन्म बेटावर गेला, पण आईंना पोहता येत नव्हतं. आमच्या इथे फार थोड्यांना येतं. उन्हाळाभर पाहुणे पाण्यात आणि आम्ही कामात; पाहुणे गेले की वारा सुटतो. बाबा, म्हणजे माझे सासरे, बोटींची इंजिनं दुरुस्त करतात, तेही कोरडेच. म्हणतात, "मी बोट बुडूच देत नाही. मग पोहायचं कशाला?"

एका उन्हाळ्यात पांढऱ्या केसांच्या एक पाहुण्याबाई ओला टॉवेल घेऊन स्वतःच धुलाईघराच्या मागच्या दाराशी आल्या. वय आईंच्याच आसपास. नुकत्याच पोहून आल्या होत्या, चेहरा कसा उजळलेला.

"तुमचं बरं आहे हो," त्या म्हणाल्या, "समुद्र दारातच. रोज पोहत असाल!"

"तर! रोज सकाळी," आई म्हणाल्या.

"मग पुढच्या वर्षी आपण बरोबर जाऊ," असं म्हणून बाई गेल्या, आणि आई हातात टॉवेल धरून तशाच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी घरी हे सांगितल्यावर बाबांनी कपाळाला हात लावला. "अगं, येत नाही म्हणून सरळ सांगायचं की!"

"आता सांगून बसले ना? आता शिकायला हवं," आई म्हणाल्या. आम्हाला वाटलं, चार दिवसांत विसरतील.

हंगाम संपला. हॉटेलच्या खिडक्यांना फळ्या लागल्या, किनाऱ्यावरच्या खुर्च्या आत गेल्या. किनाऱ्यावरचा जीवरक्षक, ज्याला सगळे शिट्टी म्हणत, बोटी रंगवायच्या कामाला लागला. पोट सुटलेला, मिशाळ माणूस. आई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मला पोहायला शिकव."

"काकू, वय काय तुमचं?"

"वय सांगायला नाही आले मी."

पहिल्या दिवशी त्या बाबांची जुनी पँट आणि लांब बाह्यांचा शर्ट घालून पाण्यात शिरल्या. पँटमध्ये हवा भरून तिचे दोन फुगे झाले. धक्क्यावरची मंडळी पोट धरून हसायला लागली. आईंनी वळून हाक दिली, "हसा, पण जरा हळू! मास्तर काय सांगतोय ते ऐकू येत नाही मला."

हात मारणं त्यांना लगेच जमलं. चादरी पिळून पिळून खांदे तयारच होते. पण तोंड पाण्यात घालायची वेळ आली की जीव घाबरा व्हायचा. एकदा मी न्हाणीघरात गेले तर सासूबाई ओणव्या, डोकं अख्खं बादलीत! मी किंचाळले. त्या नाकातोंडातून पाणी गाळत वर आल्या आणि म्हणाल्या, "ओरडतेस काय? श्वास सोडायला शिकतेय."

मग वादळं आली. बोटी बंद, समुद्राकडे बघवत नव्हतं. आई बाकावर पालथ्या पडून पाय मारायच्या आणि बाबा वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "पोचलीस का गं?"

वारा पडला तेव्हा पाणी बर्फासारखं गार होतं. तरी त्या जात राहिल्या. आणि एका सकाळी निळ्या ओठांनी, केस निथळत घरी आल्या आणि मला जवळ बोलावलं. "आज पाण्याने मला उचललं गं," त्या म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते. मी टॉवेल पुढे केला, पण तो घ्यायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या बाई खरंच आल्या. पण मॅनेजरने आईंना अडवलं. हंगामात कामगारांनी हॉटेलसमोरच्या किनाऱ्यावर उतरायचं नाही, असा नियम होता. आई काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "मग मीच तुमच्याकडे येते." आणि धुलाईघरामागच्या, गोट्यांनी भरलेल्या खाडीत दोघी उतरल्या.

थोडं अंतर गेल्यावर बाई थांबल्या. "रोज पोहणारीचा हात असा पडत नाही हं."

"थाप मारली होती," आई म्हणाल्या. "तेव्हा गुडघ्याच्या वर पाणी माहीत नव्हतं मला."

बाईंना इतकं हसू आलं की त्यांच्याच नाकातोंडात पाणी गेलं आणि आईंना त्यांची पाठ थोपटावी लागली. त्या मुक्कामात बाई समोरच्या किनाऱ्यावर फिरकल्याच नाहीत.

मग खोल्या आवरणाऱ्या बायका कामाआधी खाडीवर यायला लागल्या. बोटीच्या तिकीटखिडकीवरची बाई आली. सगळ्यांत शेवटी, कुरकुरत, मी. आई आम्हाला कंबरभर पाण्यात उभं करून शिकवायच्या, आणि धुलाईघरातला तो आवाज आता अख्ख्या खाडीला पुरायचा. "मान सैल! पाणी काही खात नाही तुला!"

लोक मला विचारतात, त्यांनी कधी कुणाला बुडताना वाचवलं का? नाही. तशी वेळच आली नाही. हा प्रश्न त्यांना विचारला तर त्या विचारणाऱ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघतात.

आता आई निवृत्त झाल्यात. उजवा खांदा वर जात नाही, म्हणून त्या उताणं पोहतात, आभाळाकडे बघत. परवा वारा होता, पाहुणे केव्हाच गेलेले. मी म्हटलं, "आई, आज राहू दे ना." स्वयंपाकघरातून डोकावले तर दार उघडं होतं आणि त्या उतारावरून निघाल्याही होत्या. गॅस बंद करून मी माझे पोहायचे कपडे शोधायला लागले.